जप, हरिपाठ, मानसपूजा की विपश्यना: मन निवण्यासाठी कुठून सुरुवात करावी

देवापुढे बसलं की मन थाऱ्यावर राहत नाही, असं म्हणणाऱ्याला चार जण चार सल्ले देतात. एक जण हातात माळ देतो, दुसरा हरिपाठ धरायला सांगतो, तिसरा डोळे मिटून मानसपूजा, म्हणजे मनातल्या मनात पूजा, करायला बसवतो आणि चौथा विपश्यनेसाठी थेट इगतपुरीचा रस्ता दाखवतो. चारही साधनं खरी आहेत आणि चारही वर्षानुवर्षं माणसांच्या उपयोगी पडली आहेत. पण ती एकाच प्रकारची नाहीत, आणि हे न पाहता निवड केली की दोन-तीन महिन्यांत साधन सुटतं.

निवडीआधी एकच प्रश्न स्वतःला नीट विचारावा. हवी आहे ती शांतता, की देवाची जवळीक? भक्तिमार्गात क्रम असा आहे की आधी नाम घ्यायचं, मन त्यामागून निवत जातं. मन शांत झाल्यावर नाम घेईन असं ठरवणारा माणूस किनाऱ्यावरच बसून राहतो. विपश्यनेत मात्र मनालाच न्याहाळायचं असतं आणि देव हा तिथला विषय नसतो. पुढची सगळी तुलना या फरकावर उभी आहे.

माळ आणि नाम

सुरुवातीसाठी आमचा कौल जपमाळेला आहे. हाताला काम, जिभेला काम आणि कानाला काम असल्यामुळे मनाला पळायला वाटा कमी उरतात.

माळ १०८ मण्यांची, वर एक मेरुमणी, म्हणजे माळेची दोन टोकं जुळतात तिथला वेगळा मणी. राम, कृष्ण, विठ्ठल यांच्या नामाला तुळशीची माळ घेतात, शिवनामाला रुद्राक्षाची. प्रत्येक दोन मण्यांमध्ये गाठ असलेली माळ पाहून घ्या. गाठ नसेल तर मणी एकमेकांवर येतात आणि एका नामाला दोन मणी सरकतात. गळ्यातली माळ आणि जपाची माळ वेगळी ठेवण्याचा प्रघात आहे, तो पाळावा. माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर घ्यायची आणि अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लावत नाहीत. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही. माळ उलटी फिरवून पुन्हा सुरुवात करायची. या उलटण्याचा व्यवहारातला फायदा मोठा आहे, कारण हात थांबतो आणि भरकटलेलं मन तिथे हमखास जागं होतं. एक माळ शंभर जपांचीच धरतात, वरचे आठ चुकलेल्या-गळलेल्या नामांसाठी सोडून देतात.

जपाचे तीन प्रकार आहेत. वाचिक जप शेजारच्याला ऐकू येतो, उपांशु जपात फक्त ओठ हलतात, आणि मानस जपात जीभसुद्धा हलत नाही. मनुस्मृतीत विधियज्ञापेक्षा, म्हणजे शास्त्रोक्त विधीने केलेल्या यज्ञापेक्षा, उपांशु शंभरपट आणि मानस हजारपट श्रेष्ठ म्हटला आहे. हे वाचून नवखा माणूस पहिल्याच दिवशी मानस जपाला बसतो. पाच मिनिटांत नाम विरतं, मणी मात्र फिरत राहतात. म्हणून पहिला महिना वाचिकच करा, आवाज आपला आपल्याला स्पष्ट ऐकू येईल एवढा ठेवा. नाम कानाने ऐकायचं, एवढीच एकाग्रता पुरे आहे.

'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरांचा मंत्र एकदा म्हणायला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणजे एक माळ साडेपाच-सहा मिनिटांत होते. गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५-१९१३) यांनी हाच मंत्र घरोघरी पोहोचवला. वारकऱ्यांचा 'राम कृष्ण हरि' याहून आटोपशीर आहे. पहिले पंधरा दिवस रोज एक माळ, मग तीन. अकरा माळांच्या संकल्पाने सुरुवात करू नये.

बिघडतं ते संख्येच्या मागे लागल्यामुळे. वेग वाढला की अक्षरं गिळली जातात, 'जय जय राम'चं 'जेजेराम' होतं, आणि मन मोजणीत अडकतं. अशा वेळी माळा कमी करा पण प्रत्येक अक्षर सुटं म्हणा. दुसरा बिघाड झोपेचा. डोळे मिटून उपांशु करताना डुलकी येत असेल तर डोळे उघडून नजर मूर्तीच्या पायांवर ठेवा आणि आवाज चढवा. तरीही आली तर उभं राहून जप करा. तिसरी चूक म्हणजे मन भरकटल्याचं लक्षात आलं की माळ पहिल्यापासून सुरू करणं. ती शिक्षा होते, आणि शिक्षेला मन विटतं. जिथे भान आलं त्याच मण्यापासून पुढे जावं.

हीच हाताची कामगिरी इतर घरांतही आहे. वसईच्या ख्रिस्ती घरांत रोझरीचे मणी फिरतात, मुसलमान घरांत ३३ किंवा ९९ मण्यांची तसबीह. आपापल्या परंपरेतलं नाम आणि मणी हाताशी असताना दुसरीकडे शोधायला जाण्याची गरज नाही.

हरिपाठ

ज्यांचं डोकं सतत शब्दांनी भरलेलं असतं, म्हणजे एक वाक्य संपत नाही तोच दुसरं सुरू होतं, त्यांना एकाच नामाची पुनरावृत्ती पहिल्यांदा जड जाते. त्यांच्यासाठी ज्ञानेश्वरांचा हरिपाठ. प्रतीनुसार २७ किंवा २८ अभंग, चालीवर म्हटले तर वीस-पंचवीस मिनिटं, नुसते वाचले तर पंधराच्या आत. शब्दांची जागा शब्दच घेतात, आणि अभंगांचा विषयही नामच असल्यामुळे अर्थाकडे लक्ष गेलं तरी ते बाहेर जात नाही.

मंडळींत म्हटला तर त्याची ताकद वेगळीच. टाळाच्या ठेक्यावर सगळ्यांचा श्वास जुळतो, ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं, आणि एकट्याला जे महिनाभर साधत नाही ते मंडळींत एका संध्याकाळी अनुभवाला येतं. गावातल्या किंवा सोसायटीतल्या देवळात संध्याकाळचा हरिपाठ होत असेल तर घरी एकट्याने सुरू करण्याआधी तिथे आठवडाभर बसा.

उणेपणा दोन ठिकाणी. पाठ झाल्यावर तोंड चालतं आणि मन उद्याच्या कामाला लागतं; त्यावर उपाय म्हणजे पाठ असूनही पोथी समोर ठेवून अक्षरांवर बोट फिरवत म्हणणं, आणि रोज एका अभंगाचा अर्थ थांबून पाहणं. दुसरं, शेवटचा अभंग झाला की लोक लगेच उठतात. खरी शांतता त्याच्या पुढच्या पाच मिनिटांत असते. तेवढं गप्प बसलंच पाहिजे, नाहीतर पेरून झाल्यावर शेत सोडून दिल्यासारखं होतं.

मानसपूजा

देव समोर आहे ही जाणीव सर्वांत लवकर देणारं साधन हेच. आणि सर्वांत लवकर भरकटवणारंही हेच.

पूर्ण पूजा सोळा उपचारांची: आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. एकेका उपचाराला मिनिटभर दिलं तर पाव तासाच्या थोडं वर जातं. सुरुवात मात्र पंचोपचारांनी करावी: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. हे पाच हलक्या आवाजात नाव घेऊन करायचे, 'गंध लावतो', 'फूल वाहतो' असं. क्रम जिभेवर असला की तो हरवत नाही.

मूर्ती एकच धरा. पंढरीचा विठ्ठल घेतला तर कटेवर हात, पायाखाली वीट, गळ्यात तुळशीची माळ. एवढंच, आणि तेही रोज तसंच. बिघाड इथूनच सुरू होतो की आज पितांबर पिवळा, उद्या केशरी, परवा मोगऱ्याची वाडी भरलेली. मनाला नव्याची गोडी असते आणि पूजा मागे पडून सजावट उरते. म्हणून महिनाभर एकच वस्त्र, एकच फूल. ज्यांना डोळे मिटून चित्र दिसतच नाही त्यांनी हट्ट करू नये. त्यांना चंदनाचा वास, पाण्याचा गारवा, पायांचा स्पर्श आठवतो. तेवढ्यावर पूजा उत्तम होते.

आजारी माणसाला, प्रवासात असणाऱ्याला, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला हे साधन फार मोलाचं आहे. सोयर-सुतकात बाहेरची पूजा थांबते, मानसपूजेला आणि नामाला ती आडकाठी नाही.

विपश्यना

सत्यनारायण गोयंका (१९२४-२०१३) यांच्या परंपरेतलं इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ पासून चालू आहे. पहिलं शिबिर दहा दिवसांचं. येणं-जाणं धरून बारा दिवस मोकळे ठेवा. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, दिवसभरात मिळून जवळजवळ दहा तास बसणं. सकाळी अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नवीन साधकांना चहा आणि फळं, रात्री प्रवचन. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, ज्याला आनापान म्हणतात. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात, म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंत शरीरातल्या संवेदना समतेने पाहणं. दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन असतं, म्हणजे साधकांनी आपसात बोलायचं नाही. फी नाही, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर केंद्र चालतं.

मन किती धावतं हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं साधन आमच्या माहितीत नाही. पण भक्तिमार्गी माणसाने फॉर्म भरण्याआधी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. शिबिरात जप, माळ, पूजा, उपवास सगळं बाजूला ठेवावं लागतं, आणि श्वासाला नाम जोडायचं नाही ही तिथली स्पष्ट सूचना आहे. नंतरही रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात आणि पद्धतींची सरमिसळ करू नका म्हणतात. तिथून येऊन श्वासावर रामनाम बसवू पाहणाऱ्याचं दोन्ही अर्धवट राहतं.

गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी हे शिबिर टाळावं. फॉर्ममध्ये तब्येतीचे प्रश्न असतात. औषधं चालू असतील तर ती लपवू नका. दहा दिवसांच्या मौनात दाबून ठेवलेलं दुःख वर येऊ शकतं, आणि ते पेलण्याची तयारी हवी.

पारायणाबद्दल थोडक्यात: सात दिवसांचं पारायण, म्हणजे ठरावीक दिवसांत पोथी पूर्ण वाचणं, हा नेमाचा आणि श्रद्धेचा मोठा आधार आहे, पण रोज काही तास वाचनाचा वेग राखावा लागतो. अस्वस्थ मन निववण्याचं पहिलं साधन म्हणून ते आम्ही सुचवणार नाही.

निवडताना

दिवसाला वीस मिनिटंच आहेत आणि घरात माणसांची वर्दळ आहे, तर माळ. एकटेपणा खातो आहे, तर मंडळींतला हरिपाठ. इथे दुसरा पर्याय शोधूच नये. देवाबद्दल प्रेम आहे पण पूजा कोरडी झाली आहे, तर मानसपूजा, आधी एक माळ करून. देवावर विश्वास बसत नाही पण मन हवं तसं वळत नाही, तर विपश्यना, आणि तीही दोन तासांची रोजची बैठक पुढे निभेल याचा हिशेब करून.

जप सकाळी आणि हरिपाठ संध्याकाळी हे छान जुळतं. निवडलेलं साधन निदान सव्वा महिना बदलू नका. प्रगती 'विचार थांबले का' यावर मोजायची नसते. मन सुटल्याचं लवकर लक्षात येतं का आणि ते चिडचिड न करता परत आणता येतं का, हे पाहा.

बसण्याबद्दल सगळ्यांना लागू असं एकच: कंबर गुडघ्यांपेक्षा उंच हवी. घोंगडी किंवा चादर घडी करून तीन-चार इंच उंची घ्या, पाय आपोआप सैल पडतात. मांडी जमत नसेल तर टेकून न बसता खुर्चीवर, पावलं जमिनीला टेकवून. भुवयांच्या मध्ये नजर ताणू नका, डोकं दुखतं. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या.

राहिला गुरूचा प्रश्न. राम, विठ्ठल, कृष्ण या नामांना दीक्षेची अट नाही. आजपासून घ्यायला हरकत नाही. बीजमंत्र, म्हणजे 'ऱ्हीं', 'श्रीं' यांसारखे एकाक्षरी मंत्र, मात्र पुस्तकातून किंवा व्हिडिओ पाहून उचलू नयेत, ते परंपरेतल्या जाणत्याकडूनच घ्यावेत. आणि नाम देण्याचे पैसे आधी सांगणारा भेटला, तर तिथून नमस्कार करून निघावं.