डिझेल गाडीचं कार्बन क्लीनिंग, दोनदा केलं, सात महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी 2012 ची डिझेल, तेच 1248 सीसीचं मल्टिजेट इंजिन, 1 लाख 62 हजार किमी झालेत, इंजिनाबद्दल नवीन काय सांगायचं. मार्चमध्ये साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना तिसऱ्यावर गाडी मरायला लागली, दुसरा टाकून दाबली की मागं काळा लोट, मागची बाईकवाली पोरं नाक धरून पुढं गेली. दोन दिवसांनी पोवई नाक्यावर चेक इंजिनचा दिवा.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले हायड्रोजन मशीननं डीकार्ब करा, म्हणजे आतली काजळी साफ, 2200 रुपये, पाऊण तास. चालू इंजिनात नळीनं गॅस सोडतात, आपण एसीत चहा प्यायचा. मी वडिलांच्या जुन्या धोतराचा फडका घेऊनच गेलेलो, काम व्हायच्या आधी सायलेन्सरला धरला, झाल्यावर परत धरला. आधी काजळ, नंतर राखाडी. लगेच मेव्हण्याला फोटो, पैसे वसूल म्हणून.

पाच आठवड्यांत परत तोच दिवा, तोच लोट. आता फडक्याचं सांगतो कारण माझं डोकं त्यातच अडकलंय. मधे एकदा पुण्याला जाऊन आलो, येताना खंबाटकी चढून, इंजिन चांगलं तापलेलं, घरी उतरल्या उतरल्या फडका धरला तर तसाच राखाडी! म्हणजे पाऊण तास इंजिन गरम करून रेस केलं की सायलेन्सरच्या नळीतली काजळी तशीही उडून जाते, मी 2200 रुपये बहुतेक त्याचेच दिले. फडका सायलेन्सरचं सांगतो हो, इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डचं नाही.

खरा कचरा तिथंच होता. मे महिन्यात गोडोलीतल्या एका गॅरेजवाल्या मामांनी ईजीआर वॉल्व्ह आणि इनटेक मॅनिफोल्ड खोलला. आत डांबर. वाट उरलेली करंगळी जाईल एवढी. ईजीआर जळलेला धूर परत इंजिनात पाठवतो, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, ऑइलची वाफ येते, दोन्ही मिळून थर बसतो, आणि डिझेल थेट सिलिंडरात उडत असल्यानं तो थर कधी धुतलाच जात नाही. त्यामुळं टाकीत ओतायच्या बाटल्या इंजेक्टरला कितीही उपयोगी असू देत, इथंवर त्या पोचतच नाहीत. त्यात माझी गाडी निम्मा वेळ राजवाडा ते पोवई नाका, इंजिन तापायच्या आत बंद.

मॅनिफोल्ड रात्रभर डिझेलमध्ये भिजत ठेवला, सकाळी स्प्रे आणि ब्रश, ईजीआरचा मोटरवाला भाग मात्र कोरडाच पुसला. मामा म्हणाले प्लेट मारून ईजीआर बंदच करू, मी नको म्हणालो, एक दिवा घालवायला आलोय आणि दुसरा कशाला लावून घेऊ. मजुरी 700, स्प्रेचे दोन डबे 500.

सप्टेंबरात पाच जण घालून कासला गेलो, यवतेश्वर अख्खा तिसऱ्यावर, मी मुद्दाम दुसरा टाकलाच नाही, बायको म्हणाली गाडीशी काय भांडण चाललंय. अॅव्हरेज साडेसोळाचं अठरा झालं. दिवा अजून तरी लागलेला नाही.

एकच कुरकुर. मामांनी जुनीच गॅस्केट, म्हणजे जोडात हवा गळू न देणारी पट्टी, परत बसवली, आठवड्यात शिट्टी वाजायला लागली आणि जोडाजवळ काजळीचे ओघळ. परत खोला, 180 ची नवी गॅस्केट, आणि मजुरीचे वर 300 घेतले, चूक त्यांची असून. पुढच्या वेळी गॅस्केट आधी खिशात, मगच गाडी गॅरेजात.