सिग्नलिंग जनुकांवरची नैसर्गिक निवड शोधताना: डीएन/डीएस की हॅप्लोटाइप?

पेशीबाहेरचा संदेश केंद्रकापर्यंत पोचवणाऱ्या जनुकांवर नैसर्गिक निवडीचा ठसा शोधायचा ठरवलं, की आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: माणसाची तुलना इतर प्रजातींशी करायची, की माणसांची आपापसात? पहिल्या पद्धतीला डीएन/डीएस म्हणतात, दुसरीला हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारा डीएनएचा पट्टा) पद्धत. दोन्ही चांगल्या रुळलेल्या आहेत. पण त्या वेगवेगळ्या काळाबद्दल बोलतात, आणि सिग्नलिंगच्या जाळ्याबाबत, म्हणजे संदेश पोचवण्यासाठी एकमेकांशी जोडलेल्या प्रथिनांबाबत, तर त्यांची उत्तरं जवळजवळ उलटी येतात. म्हणून ही निवड सवयीने करू नये.

डीएन/डीएसमध्ये आपलं जनुक चिंपांझी, गोरिला, उंदीर यांच्या जनुकाशी कोडॉनला कोडॉन (एका अमिनो आम्लासाठीची तीन अक्षरं) लावून मांडतात. अमिनो आम्ल बदलणाऱ्या फरकांचा दर आणि न बदलणाऱ्यांचा दर यांचं गुणोत्तर काढतात. ते 1 पेक्षा बरंच कमी आलं, तर निवड बदल खुडून टाकतेय. 1 च्या वर गेलं, तर बदलच फायद्याचा ठरलाय. पहिल्या प्रकाराचं टोक पाहायचं तर कॅल्मोड्युलिन पाहा. माणसात ते बनवणारी तीन जनुकं तीन वेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. त्यांची डीएनए अक्षरं जागोजागी निराळी, पण तिन्हींतून तयार होणारं प्रथिन अगदी एकच, आणि उंदरात, कोंबडीतही तेच. कॅल्शियमचा संदेश हे प्रथिन इतक्या ठिकाणी पोचवतं, की त्यातलं एखादं अमिनो आम्ल बदललं तरी हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते.

या पद्धतीने संपूर्ण जाळं पाहिलं, की बदलाची मुभा कडेला दिसते. मानवी प्रथिनांच्या जाळ्यावरच्या 2007 च्या अभ्यासात अनुकूल निवडीच्या खुणा परिघावर, कमी जोडण्या असलेल्या प्रथिनांत जास्त सापडल्या. हे पटण्यासारखं आहे: पेशीच्या पृष्ठभागावरचे, संदेश झेलणारे रिसेप्टर रोगजंतूंना सामोरे जातात, तर आतल्या कायनेजना (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनांना) अनेक भागीदार एकाच वेळी सांभाळायचे असतात.

हॅप्लोटाइप पद्धतीचा तर्क वेगळा आहे. एखादा फायदेशीर बदल लोकसंख्येत झपाट्याने पसरला, तर पुनर्संयोजनाला (पिढीगणिक होणाऱ्या डीएनएच्या अदलाबदलीला) आजूबाजूचा डीएनए तोडायला वेळच मिळत नाही. त्या बदलाभोवती एकसारखा लांब पट्टा शिल्लक राहतो. 2006 पासून वापरात असलेली आयएचएस चाचणी हेच मोजते. तिची नजर साधारण 30 हजार वर्षांपर्यंतच पोचते. पण त्या टप्प्यात ती जे दाखवते, ते डीएन/डीएसला दिसूच शकत नाही. एडार या रिसेप्टरमध्ये 370 व्या जागी व्हॅलीनऐवजी ॲलॅनिन येतं. पूर्व आशियात हे रूप फार मोठ्या प्रमाणात आहे, आणि जाड केस, दातांचा आकार, घर्मग्रंथींची संख्या यांच्याशी त्याचा संबंध आहे. एकच अमिनो आम्ल, तेही सगळ्या माणसांत नाही. प्रजातींच्या तुलनेत ते हरवून जातं. तिबेटी लोकांना विरळ हवेत साथ देणारं ईपास1 हे जनुक तर आणखी बोलकं आहे. डेनिसोव्हन या नामशेष मानवाकडून आलेल्या या पट्ट्यात प्रथिनाचा क्रम नव्हे, तर जनुकाचं नियमन महत्त्वाचं मानलं जातं, आणि डीएन/डीएस फक्त प्रथिनाचा क्रम वाचतो.

आणि जाळ्याचं चित्रही पालटतं. 2015 मध्ये अशा लोकसंख्याआधारित चाचण्यांनी पाहिल्यावर अलीकडची निवड जास्त जोडण्यांच्या, मध्यवर्ती जनुकांवर झालेली आढळली. माझ्या मते हा विरोध नाही: थोड्या काळात मोठा परिणाम हवा असेल तेव्हा मध्यवर्ती जनुकाला लागलेला हलका धक्काही पुरतो.

धोके दोन्हीकडे आहेत. डीएन/डीएसमध्ये क्रमजुळणी चुकली, की खोटी अनुकूल निवड दिसते; जुळणी डोळ्यांनी तपासाच. हॅप्लोटाइपमध्ये लोकसंख्येची घट आणि पुनर्संयोजनाचा कमी दर निवडीचा आभास निर्माण करतात, शिवाय पट्टा लांब असल्याने शेजारचं जनुकही दोषी ठरू शकतं.

प्रश्न 'जाळ्याचा कोणता भाग बदल सहन करत नाही' असा असेल तर डीएन/डीएस घ्या. हवामान, आहार, समुद्रसपाटीपासूनची उंची किंवा रोगांच्या साथी यांच्याशी झालेलं जुळवून घेणं शोधायचं असेल तर हॅप्लोटाइप, आणि त्यासाठी अनेक लोकसंख्यांचा जनुकीय डेटा आधी हाताशी ठेवा. कोणतीही पद्धत घेतली तरी जोडण्यांचा आकडा जपून वापरा: ज्या जनुकांवर जास्त संशोधन झालंय त्यांच्या जोडण्याही जास्त नोंदलेल्या असतात, म्हणून पक्षपात न करता सरसकट चाचणीतून मिळालेल्या जोडण्यांवर तेच विश्लेषण पुन्हा करून पाहा.