इंजिन लाइटच्या नावाखाली गेलेले 21,400 रुपये

2014ची पेट्रोल गाडी, 92 हजार किलोमीटर झालेली. दिवाळीच्या आधी डॅशबोर्डवर इंजिनची पिवळी लाइट लागली. जवळच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. पी0171 (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि पी0420 (कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नीट काम करत नाही) असे बिघाडाचे दोन कोड आले. "सर, मशीनच सांगतंय. ऑक्सिजन सेन्सर गेला, कॅटही गेला." मी 21,400 रुपये मोजले. लाइट गेली आणि सहाव्या दिवशी परत लागली. त्याने कोड पुसून दिले, पुन्हा तेच. मग म्हणाला, "आता ईसीएम बघावा लागेल." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर.

तेव्हा मेव्हण्याने मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेलं, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी स्कॅनरला हात लावायच्या आधी स्पार्क प्लग काढले. सगळे काळेकुट्ट, बोटाला काजळी लागत होती. "कोड म्हणतो पेट्रोल कमी पडतंय. प्लग सांगतायत जास्त होतंय. मग कोड कशामुळे आला ते शोधायला नको?"

गाडी रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी गार इंजिन सुरू करताच बारीक टिकटिक ऐकू आली. इंजिन तापल्यावर ती थांबली. इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीचा ओघळ होता. सांध्यातलं गॅस्केट फुटलेलं, तो आवळून धरणारा एक स्टड तुटलेला. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जायची, पुढच्या सेन्सरला धुरात ऑक्सिजन जास्त, म्हणजे पेट्रोल कमी दिसायचं आणि ईसीएम पेट्रोल वाढवत राहायचा. मायलेज 16 वरून 11 वर आलं होतं ते यामुळेच. पी0420 पण त्याच फटीची करामत. सगळं काम 1,350 रुपयांत झालं.

मला खरा राग आहे तो कॅटचा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून जुन्यालाही चांगला भाव येतो. मी मागायला गेलो तर "भंगारात दिला" म्हणे. बिलावर नुसतं "साहित्य व मजुरी". नवीन बसवलेल्यावर कंपनीचा शिक्का नाही, नंबर नाही.

कोणी नुसता कोड दाखवून पार्ट बदला म्हणालं, तर त्याच स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो त्याचा, आकडा दाखवायला सांगा. माझा अधिक 22 होता. साधारण अधिक-उणे दहाच्या आत असायला हवा. आणि काढलेला पार्ट तिथल्या तिथे डिकीत टाकून घ्या.

जुना सेन्सर तेवढा मी आणला होता. मामांनी तोच परत बसवला, गाडी आजही त्याच्यावर चालते. कॅट मात्र गेला तो गेलाच.