रोआतान बेटावरची झिपलाइन आणि प्राणीभेट: एका दिवसाच्या सहलीचा अनुभव

होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, कॅरिबियन समुद्रात रोआतान हे लांबट आणि अतिशय चिंचोळे बेट आहे. क्रूझ जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि संध्याकाळी निघते. तेवढ्या वेळात बेट पाहायचे असल्याने अनेक प्रवासी जंगलातील झिपलाइन (उंचावर ताणलेल्या तारेवर कप्पीला लटकून घसरत जाणे) आणि प्राण्यांची भेट अशी जोडसहल घेतात. आम्ही दोघे आणि आमची दहा वर्षांची मुलगी, आम्हीही तीच घेतली. या सहलीच्या दोन भागांबद्दल माझे मत इतके वेगळे आहे की, दोन्हींना मिळून एकच गुण देणे मला योग्य वाटत नाही.

झिपलाइनचा भाग मनापासून आवडला. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे सुरक्षा-पट्टे, बांधल्यावर गाइडने प्रत्येकाचा प्रत्येक पट्टा स्वतः ओढून पाहिला आणि दुसऱ्या गाइडने तो पुन्हा तपासला. झाडाभोवतीच्या मचाणावर पोहोचल्यावर एक दोर आधी मचाणाच्या तारेला अडकवायचा आणि मगच कप्पी मोकळी करायची, हा क्रम त्यांनी एकदाही मोडला नाही. उंचावर असताना माणूस क्षणभरही बिनदोराचा राहू नये, हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे अशा लोकांच्या हाती आपण आहोत, याचा मोठा धीर वाटतो. एकोणिसाव्या शतकात हे बेट काही वर्षे ब्रिटिश वसाहत होते आणि आजही अनेक बेटवासीयांची मातृभाषा इंग्रजी आहे, त्यामुळे सूचना समजायला अडचण आली नाही. वेग कमी करायचा तर चामडी हातमोजा घातलेला हात कप्पीच्या मागे तारेवर दाबायचा, कप्पीच्या पुढे कधीही नाही, हे त्यांनी जमिनीवरच सर्वांकडून करवून घेतले. वजनाने हलकी माणसे तारेच्या मध्यावरच थांबू शकतात. आमची मुलगी एकदा तशी थांबली, तेव्हा गाइड तारेवरून हाताने सरकत तिच्यापर्यंत गेला आणि तिच्याशी शांतपणे बोलत तिला पलीकडे घेऊन आला. शेवटच्या टप्प्यावर झाडांचे शेंडे पायाखाली जातात आणि अचानक प्रवाळरांगेच्या अलीकडचे फिकट निळे आणि पलीकडचे गडद पाणी एकदम दिसते. त्या काही सेकंदांसाठी मी पुन्हा तिथे जाईन.

प्राणीभेटीचा भाग मात्र मला फार खटकला. लाकडी मांडवाखाली रांग लागली होती आणि एक स्लॉथ, म्हणजे झाडावर राहणारा अतिशय संथ प्राणी, एका पर्यटकाच्या छातीवरून दुसऱ्याच्या छातीवर दिला जात होता. छायाचित्र झाले की पुढचा. स्लॉथ हा मूळचा या बेटावरचा प्राणी नाही. तो मुख्य भूमीवरून इथे आणलेला आहे. पानांवर जगणारा, अन्न पचवायला कित्येक दिवस घेणारा हा प्राणी शक्ती जपून वापरतो, आणि त्याच्या तीन नखांच्या जातीत तर विष्ठेसाठी झाडावरून खाली येणेही साधारण आठवड्यातून एकदाच घडते. भीती वाटली तरी तो ओरडत नाही, पळत नाही, स्तब्ध राहतो. आणि चेहऱ्यावरील रंगाच्या पट्ट्यांमुळे तो सतत हसतोय असे वाटते. त्यामुळे समोरच्या माणसाला त्याचा ताण दिसतच नाही. त्याला सकाळपासून किती जणांनी घेतले, असे मी विचारले, तेव्हा मदतनिसाने मोजत नसल्याचे सांगितले. पुढच्या पिंजऱ्यात कपुचिन माकडे लोकांच्या खांद्यांवर चढवली जात होती. माकड चावू शकते आणि माणसाचा आजार माकडाला किंवा माकडाचा माणसाला लागू शकतो, पण आत जाण्यापूर्वी हात धुवायलाही कोणी सांगितले नाही. आम्ही स्लॉथ हातात घेतला नाही. मुलीला वाईट वाटले, पण कारण सांगितल्यावर तिने ते समजून घेतले.

सहल घ्यायची असेल तर नुसती झिपलाइन मिळते का ते आधी विचारावे, आणि प्राणी असतीलच तर ते दुरून पाहण्याची सोय असलेली जागा निवडावी. बंद बूट घालावेत. ऑक्टोबर ते जानेवारी हे तिथले पावसाचे महिने; तेव्हा तार ओली असते आणि हातमोज्याची पकड कमी होते, म्हणून शक्यतो इतर महिने पाहावेत.

परतताना आमच्या गाडीच्या चालकाने रस्त्याकडेच्या एका खडकाजवळ आपणहून गाडी थांबवली. खडकावर काटेरी शेपटीचा एक इग्वाना, म्हणजे मोठ्या सरड्यासारखा प्राणी, ऊन खात पडला होता. ही जात जगात फक्त रोआतान आणि त्याच्या आसपासच्या लहान बेटांवर आढळते आणि मांसासाठी होणाऱ्या शिकारीमुळे धोक्यात आली आहे, असे चालकाने सांगितले. आम्ही खाली उतरलो नाही. मुलगी काचेला नाक लावून पाहत राहिली. इग्वानाने दोनदा मान वर केली आणि मग तो सावकाश झुडपात शिरला.