नवव्या होलनंतर काय? गोव्यातल्या गोल्फमधला मधला थांबा

दर डिसेंबरात पुण्याहून भावोजींचा फोन येतो. हॉटेल, रस्ता, मासळीचे भाव सगळं विचारून झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: "आणि मध्ये थांबायला काय आहे रे तिकडे?" भावोजी येरवड्याला पूना क्लबच्या मैदानावर खेळतात. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवरही खेळून आलेत. दोन्ही मैदानं अठरा होलची, म्हणजे चेंडू एकामागून एक अठरा खळग्यांत घालायचा. अशा मैदानांवर खेळलेल्या माणसाला नऊ होल झाले की कुठेतरी टेकायचं, हे अंगवळणी पडलेलं असतं. जपानात तर पहिले नऊ होल झाले की तासाभराचं रीतसर जेवण असतं, आणि मगच पुढचे नऊ. दक्षिण आफ्रिकेतही मधला थांबा खेळाइतकाच गंभीरपणे घेतात.

गोव्यात गोष्ट जरा वेगळी आहे, आणि ती समजून न घेता आलेला माणूस एकतर उपाशी खेळतो, नाहीतर नवव्या होलनंतर उठतच नाही. दोन्ही प्रकार मी आमच्याच कंपूत पाहिलेत.

आधी मैदानांचा हिशेब. इथे पर्यटकाला खेळायला मिळतात ती मैदानं समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलांच्या आवारातली, आणि सगळी सासष्टी-काणकोण पट्ट्यात. बाणावलीला ताज एक्झोटिकाचं नऊ होलचं पिच अँड पट, म्हणजे एक वेज (जवळच्या उंच फटक्याची काठी) आणि एक पटर (चेंडू खळग्यात ढकलायची काठी) घेऊन निघायचं. मोबोरला, साळ नदी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर, पूर्वीचं लीला आणि आताचं सेंट रेजिस, तिथे बारा होल, सगळे पार तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत संपावेत असे छोटे. आणि पार दक्षिणेला काणकोणात, राजबागेला, तळपण नदी समुद्राला मिळते तिथे ललितचं नऊ होलचं मैदान. अठरा खेळायचे तर तेच नऊ पुन्हा. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: मैदान सुरू आहे ना, हॉटेलात न उतरलेल्यांना खेळू देतात का, आणि खेळताना खायला-प्यायला कुठे मिळतं. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि मग आमच्यासारखे लेख वाचत बसतात.

बाणावलीचा निकाल लगेच लागतो. तास-दीड तासाच्या खेळाला मधला थांबा कशाला? पाण्याची बाटली घ्या, संपवा, मग पोटभर जेवा. मोबोरला बारा होलचा मध्य सहाव्यावर येतो, आणि पार तीनच्या छोट्या होलांना वेळही कमी लागतो. तिथे मी तरी झाडाखाली पाच मिनिटं उभा राहून पुढे जातो. खरा प्रश्न राजबागेचा. नववा होल संपतो, दहावा म्हणजे पुन्हा पहिलाच, आणि शेजारी हॉटेलची थंडगार लॉबी. चार तासांचा खेळ अर्ध्यावर आलेला, ऊन डोक्यावर. तुलना करायची ती इथल्यासाठी.

पर्याय पहिला: हॉटेलात जाऊन बसणं

याच्या बाजूने बोलायचं तर सावली, पंखा, स्वच्छ बाथरूम, आणि तोंड धुवायला थंड पाणी. जानेवारीतही गोव्याची दमट हवा घाम वाळू देत नाही. त्यामुळे हात कोरडे करून नवा ग्लव्ह घालायला मिळणं ही चैन नव्हे, गरज आहे. सोबत न खेळणारी मंडळी असतील, बायको, सासूबाई, मुलं, तर त्यांच्याबरोबर अर्धा तास मिळतो आणि संध्याकाळी टोमणे कमी पडतात. हा फायदा मी मुद्दाम नोंदवतो, कारण गोल्फवर लिहिणारे सहसा तो लपवतात.

आता विरुद्ध बाजू. पंचतारांकित स्वयंपाकघर हे घाईत असलेल्या माणसासाठी बनवलेलं नसतं. एका मैदानावर (नाव जाऊ दे) आम्ही चौघांनी नवव्यानंतर क्लब सँडविच मागवलं. पहिली दहा मिनिटं गप्पांत गेली. पुढची दहा वेटरकडे बघण्यात. सँडविच आलं तेव्हा मागची दोन टोळकी आमच्या पुढे निघून गेली होती आणि पाठ आखडली होती. दहाव्या होलला माझा पहिला फटका थेट झुडपात. मेहनतीने सैल झालेलं अंग एसीत चाळीस मिनिटं बसवलं की पुन्हा थंड पडतं, आणि त्यात पोटात मैदा आणि मेयोनेझ. बिल वेगळं.

नियमांचंही एक आहे. मित्रांच्या खेळात कोणी विचारत नाही, पण स्पर्धा असेल तर गोल्फच्या नियम ५.६ मध्ये विनाकारण उशीर करायला बंदी आहे. आयोजकांनी थांब्याची परवानगी दिलेली नसताना खाण्यापिण्यासाठी काही मिनिटांहून जास्त रेंगाळलात तर तो विनाकारण उशीर. पहिल्यांदा एका फटक्याचा दंड, पुन्हा केलंत तर फटक्यांच्या मोजणीत दोनचा, तिसऱ्यांदा बाद. तेव्हा कंपनीची स्पर्धा किंवा क्लबची सहल आखत असाल तर थांबा किती मिनिटांचा हे कागदावर आधीच लिहून टाका. दहा मिनिटं पुरतात.

हॉटेलातच थांबायचं ठरलं असेल तर एक युक्ती सांगतो. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, जाण्याआधीच ऑर्डर देऊन ठेवा आणि वेळ सांगा. सूप, टोस्ट, केळी, चहा. तळलेलं आणि थरांचं काही नको. सांगितलेल्या वेळेला ताट तयार असेल तर हा पर्याय एकदम वर चढतो.

पर्याय दुसरा: बॅगेतली शिदोरी

मी फोंड्याचा. फोंड्याचा माणूस काणकोणात खेळायला जातो तो पहाटे निघतो, आणि पहाटे निघणाऱ्याच्या हाताला पोदेर लागतो. सायकलचा भोंपू वाजवत येणारा पाववाला. त्याच्याकडून गरम पोळी घ्यायची, म्हणजे आपली चपाती नव्हे, गोव्याची कोंड्याची, पोकळ, खिशासारखी उघडणारी पोळी. तिच्यात घरची सुकी बटाट्याची भाजी भरायची आणि फडक्यात गुंडाळायची. उंडो किंवा कात्रो पावही चालतो, पण पोळी हातात धरून चालता चालता खाता येते आणि चार तास मऊ राहते. नऊ होलनंतर अर्धी, तेराव्या-चौदाव्याला उरलेली अर्धी. एकदम पूर्ण खाऊ नये. पोट जड झालं की कंबर वळत नाही, आणि कंबर वळली नाही की चेंडू उजवीकडे जातो. हे मला कोणा कोचने शिकवलेलं नाही, पोळीने शिकवलंय.

पण शिदोरीत खाण्यापेक्षा पिणं महत्त्वाचं. इथे लोक सर्वांत जास्त चुकतात. दमट उन्हात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाऊ शकतो, आणि घामाबरोबर मीठ जातं. नुसतं पाणी ढोसलं तर तहान भागते, मीठ भरून निघत नाही, आणि पंधराव्या होलला पोटरीत गोळा येतो. भावोजींना दोन वर्षांपूर्वी आला होता. त्यांनी तो "जुनं दुखणं" म्हणून खपवला.

शहाळ्याबद्दल थोडं कटू बोलतो. गोव्यात आडसराच्या पाण्याला कोणी वाईट म्हणत नाही, मीही नाही. पोटॅशियम भरपूर, गोडी हलकी, पोटाला त्रास नाही. पण घामातून जातं त्या मानाने त्यात मीठ कमी, म्हणून चार तासांच्या खेळाला फक्त शहाळं पुरत नाही. उपाय सोपा आहे, शहाळ्यासोबत काहीतरी खारट. आमच्याकडे चेपणीतली तोरं असतात, मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या. छोट्या डब्यात चार फोडी घेतल्या की काम झालं. एक फोड चोखली की डोळे उघडतात, तोंडाला पाणी सुटतं, आणि खेळ सुरू ठेवायची इच्छा परत येते.

कोकमाचं आगळ हा माझा पहिला पसंतीक्रम. बाजारात मिळतं ते गोड सरबत नव्हे, आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस. थर्मासात लिटरभर थंड पाणी, त्यात चार-पाच चमचे आगळ, थोडी साखर, भरडलेलं जिरं. सोलकढी मात्र नेऊ नका. नारळाचं दूध उन्हात टिकत नाही, आणि बगीच्या (मैदानावर फिरायच्या छोट्या गाडीच्या) धक्क्यांनी ती फाटलेली मी स्वतः पाहिली आहे. लिंबू-सोडा मैदानावर मिळाला तर मीठ घालून घ्या, पण घोट लहान, नाहीतर पटिंग करताना ढेकर. ज्यांना यातलं काहीच जमत नाही त्यांनी औषधाच्या दुकानातून ओआरएसची एक लिटरची पुडी घ्यावी. चव रुग्णालयाची, पण काम चोख. पुडी एका लिटरातच विरघळवायची, अर्ध्या ग्लासात नाही. हे सांगावं लागतं, कारण आमच्यातल्या एकाने तेही केलंय.

शिदोरीचा तोटा? ओझं. स्वतः बॅग उचलत असाल तर दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. बगी असेल तर प्रश्न नाही. बॅग उचलणारा कॅडी असेल तर त्याच्यासाठीही एक पोळी घ्या, हे सांगायला नको. आणि काही हॉटेलं बाहेरचं खाणं आत आणू देत नाहीत, तेही त्याच फोनवर विचारा. पाणी, पुडी आणि कैरीच्या डब्याला मात्र मला आजवर कोणी अडवलेलं नाही.

पर्याय तिसरा: गेटबाहेरचा गाडा

मध्येच गेटबाहेर जाऊन खाऊन यायचं म्हणाल तर ते जमत नाही. पण सकाळी नऊ होल, दुपारी विश्रांती आणि चारनंतर उरलेले नऊ असा बेत केलात तर गाड्याचं पारडं जड होतं. काणकोणचं गाव म्हणजे चावडी, राजबागेहून अगदी जवळ. तिथल्या साध्या हॉटेलात पातळभाजी-पाव, मिरची, चहा. पातळभाजीचा रस्सा पावाला लावून खाल्लात की पंचतारांकित सँडविचची आठवण येत नाही. पालोळेही लगेच बाजूला, पण तिथे गेलात की समुद्र बघत बसाल आणि दुसरे नऊ राहतील. अनुभवाचे बोल.

रॉस आम्लेट मात्र संध्याकाळचा माल. शागोतीच्या, म्हणजे मसालेदार कोंबडी-मटणाच्या, रश्शात बुडालेलं आम्लेट खाऊन कोणी गोल्फ खेळू नये. ते खेळ संपल्यावरचं बक्षीस.

आणि बार

गोव्यात आलात, म्हणजे हा प्रश्न येणारच. एक बिअर नवव्याला? चवीला विरोध नाही. पण घामाने गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायला बिअर कामाची नाही. दहाव्या-अकराव्या होलला हात सैल झाल्यासारखे वाटतात, तेराव्याला नेम सुटतो. उर्राकाचं तर नावच नको. मार्च ते मे हा त्याचा हंगाम, काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू, त्यात साधारण १५ टक्के मद्य. लिमका, मीठ आणि चिरलेली मिरची घालून तो सरबतासारखा घशाखाली जातो, आणि नेमका तिथेच धोका आहे. तीन ग्लास झाल्यावर कळतं. फेणी तर त्याच्या तिप्पट कडक, आणि २००९ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे, म्हणजे तिला तिच्या मानाप्रमाणे बसूनच प्यावी. शिवाय काणकोणहून मडगावकडे जाताना करमल घाट आहे. गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमची मर्यादा देशभर आहे, गोव्यातही.

आमच्या कंपूतला एक जण म्हणतो, नवव्याला एक पेग घेतला की माझं पटिंग सुधारतं. त्याचं पटिंग मी वीस वर्षं पाहतोय.

मग निवड कशी करायची

कुटुंब सोबत असेल, किंवा ऑफिसचे पाहुणे खेळवायचे असतील, तर हॉटेल, पण ऑर्डर आधी देऊन. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी चार मित्र गंभीरपणे अठरा होल खेळणार असाल तर शिदोरी, आणि हॉटेलचा उपयोग फक्त बाथरूम आणि थंड पाण्यापुरता. एप्रिल-मेत येणार असाल तर अठरा एका दमात खेळूच नका. सकाळी नऊ, चावडीला पातळभाजी, झोप, मग संध्याकाळी नऊ. दुपारनंतर ढग गडगडले तर पोळी तोंडात असली तरी मैदान सोडा, उघड्यावर हातात लोखंडी काठी घेऊन उभं राहणारा तुम्हीच असाल. आणि जून-जुलैत येणाऱ्यांनी छत्री घेऊन सरळ भोजनाचा बेत करावा.

साठीच्या वरचे खेळाडू, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, यांनी मिठाचं वर सांगितलेलं सगळं आपल्या डॉक्टरला विचारून घ्यावं. त्यांच्यासाठी बगी आणि सावलीतली दहा मिनिटं कैरीपेक्षा जास्त कामाची.

यंदाही भावोजींचा फोन आला. म्हणाले, "या खेपेला तिकडे येऊन तुझ्या त्या पोळीवर खेळतो." मी म्हटलं, "पोदेर साडेपाचला येतो, भावोजी. तेव्हा उठणार असाल तर चार जास्त घेऊन ठेवतो." पलीकडे जरा शांतता. मग विचारलं, "हॉटेलातलं सँडविच आधी सांगून ठेवता येतं म्हणालास ना?"