अँपिअर उतरले, बिल नाही

आकडा माझ्या डोळ्यांसमोर उतरला. वायरीतला करंट मोजणाऱ्या टाँग टेस्टरवर ९.१ अँपिअर दिसत होते. वीज वाचवून देतो म्हणत आलेल्या एलईडीवाल्याने डीबीशेजारी, म्हणजे विजेच्या वितरण पेटीशेजारी, टेकवलेल्या पांढऱ्या डब्याचा खटका दाबला आणि ४.७ झाले. “सर, निम्मं बिल इथेच गेलं. दिवे तर अजून बदललेलेच नाहीत.” अख्खं ऑफिस गोळा झालं होतं. कागद द्यायला आलेला एक क्लायंटसुद्धा खुर्ची सोडून बघायला उठला.

नाशिकला कॅनडा कॉर्नरच्या जवळ आमचं कर सल्लागारांचं ऑफिस आहे. दोन मजले, चौदा माणसं. वीस वर्षं मी लोकांच्या वह्या तपासतोय. तरी त्या क्षणी जो प्रश्न सुचायला हवा होता तो सुचला नाही: वीज कंपनी मला अँपिअरचं बिल लावते का?

नाही लावत. आमच्यासारख्या लहान कमर्शियल कनेक्शनला मीटर युनिट मोजतो. जुन्या चोकच्या ट्यूबचं असं असतं की ३६ वॅटची ट्यूब आणि चोक मिळून खातात साधारण ४८ वॅट, पण वायरीतून करंट मात्र त्या मानाने दुप्पट ओढतात. हा जादाचा करंट नुसता येतो-जातो, काम करत नाही, आणि मीटरवर युनिट म्हणून चढतही नाही. त्या पांढऱ्या डब्यात होता तसा कपॅसिटर लावला की तो जवळच्या जवळ भागतो आणि टाँग टेस्टर कमी दाखवतो. मोठ्या कारखान्यांना पॉवर फॅक्टरचा, म्हणजे अशा जादा करंटचा, भुर्दंड बसतो, तिथे कपॅसिटर लावण्याला अर्थ आहे. आमच्याकडे त्या डब्याला शून्य काम होतं. हे सगळं मला आज पाठ आहे, तेव्हा नव्हतं.

गोष्ट गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली. त्या एलईडीवाल्याच्या गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलणं अतिशय नम्र. “फ्री एनर्जी ऑडिट” करायला आलोय म्हणाला. उजाला योजनेचं नाव घेतलं. ती योजना खरीच, ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेली, आमच्याही घरी त्यातले बल्ब आले होते. रस्त्यावरचे दिवे बदलून बचतीतून पैसे फेडायची पद्धतही सरकारी कंपनीने राबवलेली आहे, तीही खरी. या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये त्याने स्वतःची कंपनी अलगद बसवली आणि मी ती तिघांची एक रांग समजलो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो परीक्षा घेऊन एनर्जी ऑडिटर प्रमाणित करतो आणि त्यांची यादी जाहीर करतो. नाव विचारून यादीत बघायला पाच मिनिटं लागली असती.

ऑडिट म्हणजे त्याने ट्यूबा मोजल्या. ६४ भरल्या. मग टॅबवर हिशेब दाखवला: एक ट्यूब ६० वॅट, रोज १२ तास, महिन्याचे ३० दिवस, झाले १,३८२ युनिट. त्याच्या एलईडी २० वॅटच्या, म्हणजे ४६१. वाचले ९२१ युनिट, आमच्या बिलाच्या सरासरीने युनिटला १४ रुपये धरले तर जवळपास १२,९०० रुपये. हप्ता ६,८०० चा, ३६ महिने. “म्हणजे सर, तुम्ही एक रुपया न घालता दर महिन्याला सहा हजार खिशात.”

माझ्या क्लायंटने असा कागद आणला असता तर मी लाल पेनाने भरून टाकला असता. आम्ही ऑफिस बारा तास चालवत नाही, नऊ तास चालवतो. रविवारी बंद, सणावारी बंद, धरून चाला पंचवीस दिवस. ६४ पैकी रोज जळायच्या चाळीसच, बाकीच्या स्टोअर, पॅसेज आणि महिन्यातून दोनदा उघडणाऱ्या मीटिंग रूममध्ये. आणि ४८ वॅटचे ६० कुठून आले? खरा जुना वापर ४३० युनिटांच्या आसपास होता. सगळे दिवे कायमचे बंद करून मेणबत्त्या लावल्या असत्या तरी ९२१ युनिट वाचले नसते. पण वही दुसऱ्याची असते तेव्हाच आपल्याला चुका दिसतात, काय करणार.

सही टॅबवर झाली. ओटीपी आला, सांगितला. पुन्हा आला, पुन्हा सांगितला. करार अकरा पानांचा, इंग्रजीत, ईमेलवर संध्याकाळी आला आणि मी तो उघडला ऑगस्टमध्ये. त्यात बचतीचा उल्लेख एकाही कलमात नव्हता. तो होता एका फायनान्स कंपनीने आमच्या फर्मच्या नावावर दिलेल्या कर्जाचा करार. पैसे दिवेवाल्याला एकरकमी गेलेले, हप्ता आमच्या खात्यातून दर ५ तारखेला परस्पर कापला जाणार, दिवे लागोत न लागोत. “बचत झाली नाही तर हप्ता नाही” हे वाक्य फक्त त्याच्या तोंडात होतं.

जूनमध्ये चार पोरं आली आणि एका रविवारी काम उरकून गेली. जुन्या पट्ट्या, चोक सगळं “फुकट विल्हेवाट” म्हणून टेम्पोत भरलं. आमच्या वायरमनने नंतर सांगितलं की त्यातले निम्मे चोक जुने, तांब्याच्या वाइंडिंगचे होते, भंगारात त्याचे रोख पैसे येतात. ट्यूबा मात्र नेल्या नाहीत. त्यात पारा असतो, म्हणून असेल. इमारतीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये काचांचा ढीग सापडला तो पावसाळ्यानंतर, गवत वाळल्यावर.

जुलैचं बिल आलं आणि त्याच्याकडून रंगीत रिपोर्टही आला: मे १,९४० युनिट, जुलै १,२९०, बचत ३३ टक्के. मी तो पार्टनरला अभिमानाने फॉरवर्ड केला. पार्टनरचं उत्तर एका ओळीचं होतं: “अहो, मे मध्ये चार एसी होते ना चालू?”

होते. नाशिकला मे मध्ये एसी लागतात आणि जुलैच्या पावसात खिडक्या उघड्या असतात. मागच्या जुलैचं बिल काढलं तर १,५०५ युनिट होते. म्हणजे वाचले २१५, तीन हजार रुपये. हप्ता ६,८००. आणि हे तीन हजार कसे वाचले होते तेही सांगतो, कारण तोवर ऑफिसात कुरबुर सुरू झाली होती. जुलै म्हणजे आमचा रिटर्नचा हंगाम. जीएसटीचं काम बघणाऱ्या ताईंनी घरून टेबल लॅम्प आणला. आठवड्याभरात बारा लॅम्प झाले. डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, असं जो तो म्हणायला लागला. पूर्वी चाळीस ट्यूबांत भागायचं, आता ६४ च्या ६४ लावूनही संध्याकाळी फायलीवरचं पेन्सिलीचं टिपण वाचता येत नव्हतं. ऑफिसच्या कामाला टेबलावर ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड लागतो. वायरमनच्या लक्समीटरवर आमच्या टेबलांवर १४० ते १७० आले. अंधार केल्यावरही बिल कमी होतंच, त्याला कंपनी कशाला बोलवायची?

हा वायरमन आमचा जुना, सातपूरला कारखान्यात काम करून निवृत्त झालेला. त्याला मी आधी विचारलं नव्हतं, याचा त्याला राग होता आणि तो त्याने लपवला नाही. सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी आला. तोवर नऊ दिवे गेले होते, ५५ लागत होते. म्हणाला, “साहेब, कॉम्प्युटर, सर्व्हर, वायफाय, फ्रीज, सगळं बंद करा. फक्त दिवे ठेवा.” मग मला खाली मीटरपाशी उभं केलं. मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि शेजारी छापलेलं असतं, किती वेळा लुकलुकला की एक युनिट. आमच्यावर ८०० लिहिलंय. मी मोबाइलवर दोन मिनिटं लावली आणि मोजले. १९. म्हणजे तासाला ५७०, म्हणजे ०.७१ किलोवॅट, भागिले ५५ दिवे. एका दिव्याला १३ वॅट. अंगावर छापलंय २० वॅट, २,००० लुमेन (दिव्यातून निघणारा उजेड).

मग तो वर गेला आणि डब्याचा खटका बंद केला. पुन्हा मोजले. १९च.

त्यानंतर त्याने तीन फेजपैकी एका वायरीला टाँग टेस्टर लावून मला वर बोलावलं. डबा बंद: २ अँपिअरच्या जरा आत. डबा चालू: जवळपास ७. हसायला लागला. चोक गेल्यावर त्या कपॅसिटरला भागवायला काही उरलंच नव्हतं, आता तो स्वतःच करंट ओढत बसला होता. मे मध्ये ज्या आकड्याने मला निम्मं बिल दाखवलं, त्याच हिशेबाने माझं बिल आता साडेतीनपट व्हायला हवं होतं. मीटरचा ठिपका मात्र ढिम्म.

एक दिवा उतरवून उघडला. प्लास्टिकची नळी, आत पातळ पट्टी, उष्णता बाहेर न्यायला ॲल्युमिनियमचा पत्ता नाही, एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर म्हणजे काडेपेटीएवढं सर्किट. मोबाइलचा कॅमेरा धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकत होते. डोकेदुखी तिथून आली असावी. दिव्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, होता, आणि तो पाहूनच मी तेव्हा निश्चिंत झालो होतो. बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला तर नंबर अस्सल निघाला, फक्त मोबाइल चार्जर बनवणाऱ्या भलत्याच कंपनीचा.

तीन वर्षांच्या वॉरंटीचा कागद लेटरहेडवर आहे. त्यावरचा फोन ऑक्टोबरपासून बंद. पत्त्यावर गेलो तर तिथे झेरॉक्सचं दुकान, त्यांना अशी विचारणा करणारा मी पहिला नव्हतो. ग्राहक आयोगाचा विचार केला, तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेल्या मालात “तुम्ही ग्राहक नाही” हाच मुद्दा समोरचा पहिल्या दिवशी काढणार. पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. फायनान्स कंपनीला लेखी कळवलं, त्यांचं म्हणणं कर्ज वेगळं आणि माल वेगळा. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केलाय. हप्ता थांबवावा असं पार्टनरला वाटत होतं, पण फर्मचं रेकॉर्ड खराब झालं तर आमचीच ओव्हरड्राफ्टची मर्यादा अडकते. म्हणून भरतोय.

सगळ्यात जिव्हारी लागतं ते वेगळंच. एलईडीने वीज वाचते हे खोटं नाही. डिसेंबरमध्ये त्याच वायरमनकडून नावाजलेल्या कंपनीच्या २० वॅटच्या ६४ पट्ट्या बसवून घेतल्या. माल आणि मजुरी मिळून पंचवीस हजार. दुकानाचं पक्कं बिल, बिलावर वॉरंटी. टेबलावर ३८० लक्स आले, पुन्हा चाळीस पट्ट्यांत भागायला लागलं, टेबल लॅम्प घरी गेले. महिन्याला अडीचशे युनिट वाचतात, सात-आठ महिन्यांत पैसे वसूल. हेच काम मे मध्ये झालं असतं. त्याऐवजी आधीच्या दिव्यांपायी ३६ हप्त्यांचे २,४४,८०० रुपये चाललेत.

डबा अजून डीबीशेजारीच आहे. पुरावा आहे, हात लावू नका, असं वकिलांनी सांगितलंय. वायरमनने आतल्या दोन वायरी सोडवून कपॅसिटर तोडला, पण डब्यावरचा हिरवा दिवा वेगळ्या वायरीवर होता, तो राहिला. चोवीस तास जळतो.