पायमशीन की मोटरवाली झिगझॅग: घरचं शिवणाऱ्यांसाठी

ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे आणि कधीतरी जुन्या साड्यांची वाकळ, एवढंच घरी शिवायचं असेल तर शेवटी निवड दोन मशीनमध्येच होते. एक लोखंडी स्टँडवरची काळी पायमशीन, दुसरी टेबलावरची पांढरी मोटरवाली झिगझॅग, म्हणजे सरळ टाक्यासोबत नागमोडी टाकाही घालणारी. मी दोन्हींवर शिवलंय. टाक्याची लांबी, रंग, वॉरंटी हे दुकानदार सांगेलच, ते सोडून देतो.

झिगझॅगचं कौतुक आधी. खणाचा ब्लाउज शिवताना कापडाची कड भराभर सुटते; तिथे झिगझॅगची एक टीप मारली की काम झालं. काळ्या मशीनवर ती कड दुमडून शिवावी लागते, नाहीतर इंटरलॉकसाठी बाहेर द्यावी लागते. काजही घरच्या घरी होतं. पुढचा भाग काढला की बारीक हात उरतो, त्यावर बाहीचा घेर नीट बसतो. काम संपलं की मशीन उचलून कपाटात. दोन खोल्यांच्या घरात ही सोय लहान नाही.

आता माझं दुखणं. गोल गळ्याला तिरपी पट्टी लावताना किंवा कॉलरचं टोक वळवताना टाका अगदी एकेक हवा असतो. साध्या पायडलची मोटर तिथे ऐकत नाही. हळू दाबलं तर नुसती घुमते, कारण वेग कमी केला की तिचा जोरही कमी होतो. कापड जाड असेल तर आणखीच. मग पाय जरा जास्त दाबला जातो आणि मशीन चार टाके पुढे पळते. गळ्याच्या वळणावर ते चार टाके म्हणजे उसवणं आलं, आणि अस्तराच्या पातळ कापडावर उसवल्याच्या खुणा राहतात. बाजूचं चाक हातानं फिरवता येतं, पण मग कापड धरायला एकच हात राहतो. पायमशीनवर टाच आणि चवडा यांच्या तोलावर हवा तेवढाच टाका पडतो, दोन्ही हात कापडावर. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. सवयीच्या लोकांना कदाचित हे जाणवणारही नाही. इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रण असलेल्या महागड्या मॉडेलमध्ये ही तक्रार बरीच कमी असते, हेही खरं.

पायमशीनही गुणाची पुतळी नव्हे. सुरुवातीला चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो, नवखा माणूस वैतागतो. पावसाळ्यात चाक फिरवणारी चामड्याची वादी ओल धरून सैल पडते; थोडी कापून तारेच्या आकड्यानं पुन्हा जोडायची. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये हे धरूनच चालावं. स्टँडची जागाही कायमची अडते. पण वीज गेली तरी काम थांबत नाही, आणि वाकळीचे थर ही मशीन निमूटपणे ओढते. बिघडलं तर बहुतेक मिस्त्री एका पेचकसावर खोलतात. झिगझॅगच्या पुष्कळ मॉडेलमध्ये आत प्लॅस्टिकचे गिअर असतात. ते गेले की सुट्या भागाची वाट पाहणं आलं.

देखभाल दोन्हींची सारखीच. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालचं बोंडूक, म्हणजे कापडाचा भुगा, ब्रशनं काढायचा. तेल मशीनचंच, खोबरेल घालू नका, थंडीत थिजतं आणि खालचा दोरा गुंफणारं शटल जाम होतं. तेल दिल्यावर आधी चिंधीवर टीप मारा. सुई घरगुती मशीनची, चपट्या दांड्याची. कारखान्यातली गोल दांड्याची यात चालत नाही. इचलकरंजीच्या पॉपलिनला १४ नंबर, अस्तराला ११, जीन्सला १६ किंवा १८. टाका सुटायला लागला की टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू पिळण्याआधी सुई बदलून बघा.

मुलांचे टी-शर्ट, लेगिंग असं ताणणारं कापड जास्त शिवणार असाल तर झिगझॅगच घ्या, सोबत बोथट टोकाची सुई. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारातून सुती कापड आणून घरचं शिवणाऱ्याला मात्र मी काळीच सुचवीन. तरी मन झिगझॅगकडे ओढत असेल, तर दुकानात जाताना परकराच्या नेफ्याचा जाड तुकडा घेऊन जा, आणि त्यावर सगळ्यात हळू टीप मारून बघा. दुकानदार मशीन पळवूनच दाखवेल; तुम्ही हळू चालवायला सांगा.